पुठ्ठा

मी साड्यांच्या घड्या घालते.
वडगावात, मागांच्या खडखडाटाला लागून
पत्र्याची एक खोली आहे. तिथं, तेवीस वर्षं.
एक साडी म्हणजे माझ्या हातांच्या अकरा हालचाली
आणि बारावी पुठ्ठ्याची.
पुठ्ठा आत सरकवला की घडी बसते,
नाहीतर टेम्पोतून गोकाकला जाता जाता
काठ ढळतो, पदर आत दुमडतो
आणि सूत न बघता, वीण न बघता शेठ म्हणतात,
सेकंड माल. बाजूला टाक.

कौजलगी बाईंना हे मी सांगितलं नव्हतं.
त्यांनीच केसपेपर उलटा करून
पेनानं एक वेटोळं काढलं.
म्हणाल्या, साईलच्या पेशीत एन्झाइम तयार होतंय,
कामाची ताकद पण आहे त्यात.
फक्त घडी जरा तिरपी पडते.
आणि आत एक तपासणारा बसलाय,
तो तिरपं काही पुढं सोडत नाही.

मला शेठ दिसले. चष्मा कपाळावर.

माझा भाऊ भरमाणा
पाचवीपासून बालदीत पाय सोडून बसायचा.
तळवे पेटलेत म्हणायचा.
मे महिन्यात सगळी गल्ली निथळायची,
हा कोरडा, तव्यासारखा. मास्तर म्हणाले, ढोंग.
अडतिसाव्या वर्षी मूत्रपिंडं गेली.
त्याच्या आजाराला नाव मिळालं
तो जाऊन नऊ वर्षं झाल्यावर, साईलच्या रिपोर्टवर.
खाली रेघांचं एक झाड होतं.
भरमाणा काळा चौकोन. साईल काळा चौकोन.
मधे मी, अर्धं भरलेलं वर्तुळ.

जन्मभर सरळ घड्या घातल्या
आणि पोटातून दिली ती नेमकी तिरपी.

बाई म्हणाल्या, एक औषध आहे, बारीकसा रेणू,
चाचणीत मिळेल. पण सगळ्या चुका त्याला धरता येत नाहीत.
काही कापड मुळातच विरलेलं.
साईलची चूक कुठली ते बघायला रक्त गेलं,
आणि सहा आठवडे
मी संकेश्वरच्या ऑर्डरीत पदर उलटे घातले.

फोन आला तेव्हा बाई घाईत होत्या, कन्नडातच बोलल्या.
माग चालू. मला एवढंच ऐकू आलं:
हिडीतैती, अक्का, हिडीतैती.
धरतंय.

आता गोळी दिवसाआड, सकाळी सातला.
आधी दोन तास पोटात काही नाही, नंतर दोन तास नाही.
नळाला पाणी दिवसाआड, साईलला गोळी दिवसाआड,
कॅलेंडरवर एकाच पेन्सिलीच्या फुल्या.
मी विचारलं, रोज का नको? रोज दिली तर लवकर...
बाई हसल्या. अहो, तो रेणू बसतो
एन्झाइमच्या कामाच्याच जागेवर.
रोज धरून बसला तर ते काम कधी करणार?
हिडी, मग बिडू.

मला कळायला हवं होतं.
पुठ्ठा काढल्याशिवाय साडी कोण नेसतं?
पण सोळा वर्षं मी
त्याचं दप्तर धरलं, छत्री धरली,
पीटीच्या तासाला चिठ्ठ्या लिहिल्या,
आणि माझे स्वतःचे तळवे रात्री चुरचुरतात
हे कुणाला सांगितलं नाही.

काल तो न विचारता
सायकलनं येळ्ळूरला जाऊन आला.
दारात उभा, शर्ट पाठीला चिकटलेला.
बाटली ओतून घेतली असेल अंगावर.
घेतोच तो.
मी विचारलं नाही. ओरडलेही नाही.

शर्ट भिजत घातला नाही मी.
तसाच दोरीवर टाकलाय, घडी न घालता.
वाळल्यावर पाठीवर
मिठाची पांढरी रेघ उमटते का,
बघायचंय.